बाळंतिणीचा उंबरा

तोंडवलीच्या त्या होडीवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. विचारायला त्याने सवडच दिली नाही.

ऐंशीनंतरची ही गोष्ट. तेव्हा तिकडे पर्यटक कोणी नसत, सगळे पाहुणेच. आम्हाला होडीत बसवताना त्याने बजावलं, “गप रवा हां. आवाज केल्यार गादे पळतत.” गादे म्हणजे डॉल्फिन. मग वल्ही मारता मारता तो स्वतःच अखंड बोलत सुटला. जावयाचा ताठा, शेजाऱ्याचा बोकड, दशावतारात राजाची गळून पडलेली मिशी. माझ्या बायकोने बिस्किटाचा कागद पाण्यात टाकायला हात उचलला, तेव्हा बोलणं न थांबवता त्याने आपली टोपी तिच्यापुढे धरली. तिने निमूटपणे कागद टोपीत टाकला.

एवढ्यात दोन काळ्या पाठी पाण्यावर आल्या, एक मोठी, एक इवलीशी. बोकडाची गोष्ट अर्धवट टाकून त्याने वल्ही आत ओढली.

“अजून जवळ घ्या की!” माझा मेहुणा कॅमेरा सरसावत म्हणाला.

“बाळंतीण आसा ती,” होडीवाला कुजबुजला. “बाळंतिणीच्या खोलीत बापये घुसतत काय? उंबऱ्याभायर रवाचा. तिका वाटला तर ती दाखयतली.”

मेहुण्याचे कान लाल झाले. आम्ही लांबच डुलत राहिलो. थोड्या वेळाने ते पिल्लू आपणहून आलं आणि होडीला वळसा घालून आमच्याकडे बघू लागलं. कोणी हललं नाही.

होडीवाला मात्र पिल्लाकडे वाकला आणि अगदी हळू म्हणाला, “बघून झाला मा? आता जा रे, तुजी आवस काळजी करता.”