घरचीच मतं

मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारापासून थोड्या अंतरावर जमिनीत दोन छोटे अमेरिकन झेंडे रोवतात. उमेदवाराची पाटी घेऊन उभं राहायचं असेल तर झेंड्यांच्या अलीकडे राहायचं. पलीकडे जायचं ते फक्त मत द्यायला. त्या मंगळवारी मी सकाळपासून अलीकडे उभा होतो. हातातल्या पाटीवर माझ्या बायकोचं नाव होतं, आणि पलीकडे माझं काही काम नव्हतं, कारण मला मतदानाचा हक्क नाही. हिने काही वर्षांपूर्वी हात वर करून शपथ घेतली आणि ती इथली नागरिक झाली. मी ग्रीन कार्डावरच थांबलो. इथलं नागरिकत्व घ्यायचं तर भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, आणि तो मला सोडवेना. पहिला पासपोर्ट काढताना नागपूरला बाबा माझ्याबरोबर दिवसभर रांगेत उभे होते, आणि परतीच्या बसमध्ये जागा मिळाल्यावर म्हणाले होते, "झालं बाबा एकदाचं." त्यांच्या जाण्यानंतर तर तो विषयच मी बंद केला.

आमचं गाव म्हणजे अमेरिकेतल्या कोलंबस शहराच्या बाहेरचं डब्लिन, आणि डब्लिनच्याही पुढे, जिथे ऑफिसांच्या काचा संपतात आणि मका सुरू होतो, तिथे. जुनी माणसं शेतांवर राहतात, नवी माणसं सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे नव्याने आखलेल्या घरांच्या वसाहतीत. नव्यांत आपले बरेच. या दोन्हींच्या मधून कौंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, एक रस्ता जातो. त्याच्या कडेला फूटपाथ नाही; डांबर संपलं की लगेच पाण्याची चर. गाडीतून जाताना हे कधी लक्षातही येत नाही. आमच्याही आलं नव्हतं.

मग पुण्याहून सासूबाई आल्या. साडी, त्यावर माझं जाड जॅकेट आणि पायात स्पोर्ट्स शूज अशा थाटात त्या रोज संध्याकाळी चालायला जायच्या. चालणं चुकलं तर त्यांना अन्न गोड लागत नाही. एक दिवस मागून पिकअप ट्रक आला, त्या बाजूला झाल्या आणि थेट चरीत. मनगट मोडलं. ट्रकवाला बिचारा थांबला, त्यानेच घरी आणून सोडलं. जायच्या दिवशी प्लास्टरमधला हात सांभाळत सासूबाई म्हणाल्या, "छान आहे हो तुमचं गाव. पण इथे माणसाला पाय ठेवायला जागा नाही. मी काही आता पुन्हा येत नाही."

हे हिच्या फार जिव्हारी लागलं. ती गावाच्या कौन्सिलच्या मीटिंगला गेली. तिथे कुणालाही उठून दोन-तीन मिनिटं बोलता येतं. ती फूटपाथबद्दल बोलली, अध्यक्षांनी आभार मानले, आणि पुढचा माणूस शेजाऱ्याच्या कोंबड्यांबद्दल बोलायला उठला. कोंबड्यांवर बराच वेळ चर्चा झाली. त्यानंतरच्या रविवारी, मी पोह्यांवर लिंबू पिळत असताना, ही म्हणाली, "मी कौन्सिलला उभी राहतेय."

"राहू का?" असं नाही. "राहतेय."

मी "बरं" म्हटलं. ते बरं काही फार बरं नव्हतं, पण पोहे गार होत होते.

नंतरचे महिने तिच्या पायाला भिंगरी लागली. ऑफिस सुटलं की ती शेतांवरच्या घरांची आणि सबडिव्हिजनमधल्या अमेरिकन शेजाऱ्यांची दारं वाजवायला जायची. कुत्र्यांची तिला लहानपणापासून भीती, तरी जायची. शेतात पाणी कुठे तुंबतं, बर्फ काढणारी गाडी कुणाच्या दारात उशिरा येते, हे सगळं तिला तोंडपाठ झालं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तिला पाहताच "मी कुणालाही मत देत नाही" म्हणून दार लावून घेतलं. ही पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली, आणि शेवटी त्याने आपल्या मक्याच्या कडेला तिची पाटी रोवू दिली. मी गाडी चालवायचो, पाट्या ठोकायचो आणि कारण नसताना चिडायचो. घरात दूध संपलं तरी चिडायचो.

एकदा गाडीत मी विचारलं, "आपल्या लोकांचं काय? त्यांच्याकडे कधी जायचं?"

"आपल्यांना काय सांगायचं?" ती म्हणाली. "वेळ आहे का इथे? ती तर घरचीच मतं."

मलाही ते पटलं. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने एक छानसा मेसेज टाकला होताच. त्याच्याखाली अंगठे आले, जोडलेले हात आले, "ऑल द बेस्ट वहिनी" आलं. आम्ही निश्चिंत.

तर त्या मंगळवारी मी झेंड्यांच्या अलीकडे उभा. थंडी मरणाची. शेतांवरची माणसं ट्रकमधून येत होती, काही जण हिला बघून टोपीला हात लावत होते. आपला एकही चेहरा नाही. लोक कामावर असतील, म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत येतील. जेवणाची सुट्टी झाली. दुपारी येतील, म्हटलं. दुपारही निम्मी सरली. मी पाटी या हातातून त्या हातात घ्यायचो, पार्किंगपर्यंत जायचो, परत यायचो. ही समोर उभी राहून हसतमुखाने सगळ्यांना कॉफी विचारत होती, आणि ते हसू कुठेतरी ताणलेलं मला दिसत होतं. शेवटी मला राहवेना. "आलोच," म्हटलं आणि गाडी काढून काकांकडे गेलो.

काका म्हणजे आमच्या इथल्या मराठी माणसांतले सर्वांत ज्येष्ठ. माझ्या जन्माच्या आसपास या देशात आलेले, आता रिटायर्ड. गणपती कुठे बसवायचा इथपासून कुणाच्या मुलीने कुठल्या कॉलेजात जावं इथपर्यंत त्यांचा शब्द चालतो. ते अंगणात दाताळ्याने पानं गोळा करत होते.

"काका, मत देऊन आलात?"

"कुणाला?"

मला वाटलं, गंमत करतायत. "अहो काका, ही उभी आहे ना."

"हो का?" त्यांनी दांडीवर दोन्ही हात ठेवले. "मला कुणी बोललं नाही."

"ग्रुपवर टाकलं होतं की."

"ग्रुपवर काय, इडलीचं पीठ कुठे सेलवर आहे तेही येतं." मग त्यांनी समोरच्या घराकडे बोट केलं. "हा समोरचा मला सांगत होता. म्हणे, तुमच्यातली एक बाई आली होती, फार छान बोलली. मी म्हटलं, अरे, ती आमचीच. घरातलीच मुलगी आहे. मी खिडकीतून बघत होतो ना. त्याच्याकडून निघाली, त्याच्या शेजाऱ्याकडे गेली, आणि आमच्या दारावरून पुढे गेली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, हे काय लग्न आहे का, घरी येऊन बोलवायला?"

"लग्न असतं तर निदान पत्रिका आली असती," काका म्हणाले आणि पुन्हा पानं ओढायला लागले.

दारात काकू येऊन उभ्या होत्या. त्या काकांसारख्या बोलत नाहीत. हळू बोलतात आणि ते जास्त लागतं. "मी तर त्या दिवशी चहाचं आधण ठेवलं होतं रे," त्या म्हणाल्या. "म्हटलं, चालून चालून दमली असेल, आता येईल."

मी गाडीत येऊन बसलो आणि स्टिअरिंगवर हात आपटला. एवढी शिकलेली माणसं! मुलगी चार महिने रस्ता तुडवतेय, तो फूटपाथही यांच्याच गुडघ्यांसाठी, आणि हे रुसून बसलेत. खिडकीतून बघता येतं, हाक मारता येत नाही? किती वेळ मी मनातल्या मनात काकांना बोलत होतो. शेवटी हिला फोन लावला आणि सगळं सांगितलं, माझ्या तिखटमिठासकट. तिनेही चिडावं, अशी माझी अपेक्षा होती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चूक झाली माझी. गाडी घेऊन ये."

"अगं, आता लोक ऑफिसमधून सुटतील, मतदानाची खरी गर्दी आता होणार. तू तिथेच थांबायला हवंस."

"ये म्हटलं ना."

काकांच्या अंगणात ती पानांच्या ढिगातूनच पुढे गेली आणि वाकून दोघांच्या पाया पडली. मग सरळ उभी राहून म्हणाली, "काका, काकू, मी निवडणुकीला उभी आहे. मला मत द्याल का?"

हातातलं दाताळं तिथेच टाकून काका म्हणाले, "थांब, कोट घालतो."

"आधी चहा," काकू म्हणाल्या.

आणि तिथून माझा जो छळ सुरू झाला तो विचारू नका. प्रत्येक दारात हिने तोंडाने विचारलं, आणि प्रत्येक दारातून आम्हाला आत ओढलं. चहा नको म्हणायची सोय नव्हती. एकदा दारावरून पुढे गेलेली बाई आता चहाही न घेता गेली असती तर संपलंच. एका घरी चिवडा, एका घरी गरम भजी. नागपूरचा एक जण कानात हेडफोन घालून मीटिंगमध्ये होता. "अरे यार, आज आहे का? मला वाटलं पुढच्या वीकमध्ये आहे," तो म्हणाला, "थांब, कॉल कॅन्सल करतो," आणि मग अर्धा तास जोडे शोधत बसला. त्याच्या मुलीने आतमध्ये ओरडून सांगितलं, "मॉम, आंटी इज हिअर फॉर द व्होट थिंग!" आणि तिची आई वाटीत शिरा घेऊन आली. दिवस लहान झालेले, बाहेर पाचलाच अंधारायला लागलेलं. मी प्रत्येक घरात दाराशीच, बूट न काढता, किल्ली वाजवत उभा. ही मात्र सोफ्यावर बसून शांतपणे शिरा खात होती. तिला कुठे जायचंच नव्हतं जणू. ज्यांच्याकडे ती महिनोन् महिने फिरकली नव्हती, त्यांच्याकडे ती त्या दिवशी घाई न करता बसली.

मतदान बंद व्हायला थोडा वेळ असताना आम्ही काका-काकूंना घेऊन शाळेत पोचलो. मागून तीन-चार गाड्या आल्या. सगळे झेंड्यांच्या पलीकडे गेले, काकू काकांचा हात धरून, काका कडक इस्त्रीचा कोट घालून. मी अलीकडे. पाटी धरायलाही आता कुणी समोर नव्हतं. आतल्या पिवळ्या उजेडात आपली माणसं ओळीने उभी दिसत होती आणि मला एकदम भयंकर एकटं वाटलं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

बऱ्याच घरांपर्यंत आम्ही पोचलोच नाही. ही हरली. एका पंगतीत बसतील इतक्याच माणसांनी हरली, आणि त्या पंगतीतली बहुतेक नावं आम्ही दोघं डोळे मिटून सांगू शकलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाट्या उपटायला गेलो. निवडणूक झाली की त्या काढाव्या लागतात. कापलेल्या मक्याच्या खुंटांवर दव गोठलं होतं. ही चरीत उतरून पाट्यांच्या तारा ओढत होती, आणि मी वर उभा राहून काकांना बोलत होतो. मानपान, रुसवेफुगवे, अमेरिकेत येऊन आयुष्य गेलं तरी माणूस दारात आमंत्रणाची वाट बघतो, तोंड उघडून बोलत नाही, वगैरे. माझं तोंड चांगलंच सुटलं होतं.

"तू तरी कुठे बोललास?" ती म्हणाली.

"मी? मी काय बोलायचं होतं?"

"पोहे खाताना." तिने हातातली पाटी खाली ठेवली. "तुला मी विचारलंच नव्हतं, उभी राहू का म्हणून. त्या दिवसापासून तूही खिडकीतूनच बघतोयस. सगळं केलंस, पाट्या ठोकल्यास, गाडी चालवलीस. पण घरी नव्हतास."

समोरून एक ट्रक आला. ती चरीतच होती, मी पण उतरलो, दोघं तिथे ओल्या गवतात एकमेकांना धरून उभे राहिलो, जिथे तिची आई पडली होती त्याच्या जवळपास. ट्रक गेला.

"मी दोन वर्षांनी परत उभी राहणार आहे," ती म्हणाली. मग थांबली, आणि काकांच्या अंगणात उभी होती तशी सरळ उभी राहिली. चिखलाचे हात तिने पॅन्टला पुसले. "मला मत देशील का?"

म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला नागपूरची रांग आठवली, बसमधले बाबा आठवले. तो पासपोर्ट सोडायचा म्हणजे ती रांगही सोडल्यासारखं वाटत होतं, आणि अजूनही वाटतं. पण इतक्या वर्षांत तिने मला हे कधी विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून कधी काही म्हणालो नव्हतो. घरचंच मत होतं ना माझं.

ती वाट बघत उभी होती. नाक थंडीने लाल झालेलं.

"थांब," मी म्हटलं, "कोट घालतो."