आतून मोड आलेत

मूळव्याधीच्या दवाखान्यात किस्से लय साठतात. कारण इथून बाहेर पडलेला माणूस घरी एक अक्षर सांगत नाही! इंजिनिअरिंग अर्धवट सोडल्यापासून मी साताऱ्यातल्या अशाच एका दवाखान्यात काउंटरला बसतो. समोरच्या बाकावर सगळे एकटे. शेजारी एका माणसाची जागा सोडून.

*

आटपाडीच्या एका काकांना डॉक्टर म्हणाले, "आतून मोड आलेत. पथ्य पाळा." काका महिन्याने परत. रक्त चालूच!

"पथ्य पाळलं का?"

"व्हय तर! त्या दिसापासनं मटकीला शिवलो न्हाई. हुलगं बी बंद!"

पोट साफ ठेवणारं तेवढं सोडलं. मिरचीचा ठेचा चालू!

*

एक रिटायर्ड हेडमास्तर. मोबाईल घेऊन संडासात पाऊण तास. डॉक्टरांनी बजावलं, तिथं बसून राहिलात की रक्त परत येणार. आलंच.

"सर, फोन बाहेर ठेवला ना?"

"अर्थात! आता पेपर नेतो."

आणि शिस्त आम्हाला शिकवणार हे!

*

खंडाळ्याचे एक पुढारी. रक्त थांबलं की गोळ्या बंद.

"मग परत कसं सुरू झालं?"

"थांबलं म्हणून मटणाची पार्टी दिली की गड्या!"

*

आमच्या घरीही तेच. अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून रिटायर. मी कॉलेज सोडल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत. संडासात रक्ताचे थेंब दिसले की मी आईला सांगायचो, आई त्यांना. आतल्या खोलीतून उत्तर, "उष्णता हाय. दुखतंय कुटं?"

आतले मोड दुखत नाहीत, नुसतं रक्त जातं! हे मी बाकावरच्या परक्यांना रोज सांगतो. घरात कोणाला सांगू?

गेल्या आठवड्यात काउंटरसमोर अण्णा उभे! तोंडाला रुमाल, डोळे पांढरेफटक. बाकावर आमच्याच गावचे दोघं. एवढं रक्त गेलेल्या पेशंटसोबत माणूस नसला तर डॉक्टर हात लावत नाहीत, म्हणून अशा सगळ्यांना विचारतो तसं विचारलं, "बरोबर कोण आलंय?"

अण्णांनी बाकाकडं बघितलं.

"कोन न्हाई, साहेब. पोरगा हाय, पन त्यो ड्युटीवर असतो."

"मग त्याची ड्युटी सुटंपर्यंत बसा."

बसले. शेजारी एका माणसाची जागा सोडून.