आईच्या सीटखालची नळी

तुमच्या घरात शेवटचं मतदान कधी झालं? सरकार निवडायचं नव्हे, भाजी निवडायचं. पंखा कितीवर ठेवायचा, याचं. झालंच नसेल, तर तुम्ही लोकशाहीवर कुठल्या तोंडानं बोलता?

आमच्याकडे दर रविवारी चहाबरोबर होतं. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि त्याहून जास्त कर्मचारी संघटनेत. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. माझी अक्षरओळख तिथेच झाली. ‘कमळ’ वाचण्याआधी मी ‘निषेध’ वाचला. बाबा रिटायर झाले, आम्ही नोएडाला आलो, संघटना सुटली, पण सभा घरात राहिली. ठराव, अनुमोदन, हात वर. मतदार चार: आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. पास झालेला ठराव बाबांनी कधी मोडला नाही. दूधवाला बदलायचा ठराव त्यांच्या विरोधात गेला, तेव्हा नव्या दूधवाल्याचं निळसर दूध ते मुकाट प्यायले.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी फोर बाय फोर जीप घेतली. सुट्टीच्या दिवशी गुडगावपलीकडच्या अरवलीत नेऊन ते तिला खडकांत अडकवायचे आणि मग सोडवायचे. हयातभर प्रशासनाशी हेच केल्यामुळे हात बसलेला होता. संघटना सुटल्यावर गप्प झालेला माणूस त्या जीपपाशी पुन्हा बोलायला लागला, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

मग तिची पेट्रोलची लोखंडी टाकी आतून गंजली. कंपनीची मिळेना, म्हणून बाबांनी काश्मिरी गेटच्या बाजारातून एक काळी प्लॅस्टिकची टाकी उचलून आणली. दुसऱ्याच कुठल्यातरी मॉडेलची. दुकानदार म्हणाला होता, “फिट हो जाएगी, अंकल.” हे वाक्य दिल्लीत लग्नापासून घरभाड्यापर्यंत सगळीकडे चालतं.

टाकी रुंद, खालचा लोखंडी ट्रे अरुंद. पेट्रोल भरायचं तोंड भलतीकडे. लोखंड ठोकलं की ऐकतं, प्लॅस्टिक फक्त चिरतं. म्हणून बाबांनी टाकीला हात न लावता ट्रे कापला आणि रुंद करून वेल्ड करून आणला. तोंड जुळवायला रबराचा वाकडा पाइप लावला. टाकी आवळणाऱ्या पट्ट्यांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. पेट्रोल भरल्यावर असली टाकी थोडी फुगते, म्हणून चारही बाजूंनी बोटभर जागा सोडली. सगळं नीट झालं. मग वास आला.

टाकीच्या डोक्यावर एक छोटी नळी होती, हवा आतबाहेर करण्यासाठी. तिचं तोंड नेमकं आईच्या सीटखाली संपत होतं.

“मी पेट्रोल पंपावर बसल्यासारखी बसते,” आई सभेत म्हणाली. “वास बंद करा, असा ठराव.”

भावानं नळी वर नेऊन बाहेर काढायला सुचवलं. त्यासाठी बॉडीला भोक पाडावं लागणार होतं.

“भोक पाडणार नाही,” बाबा म्हणाले. “गंज समझोत्यासारखा असतो. बारक्या भोकातून शिरतो आणि मग सगळा पत्रा खातो.”

“अरे यार बाबा, गाडी आहे, संघटना नाही,” भाऊ म्हणाला.

“मग नळीला बूच मारा,” आई म्हणाली.

मी तावातावानं अनुमोदन दिलं. सगळ्या घराचा वास एका बाईनं का घ्यावा? चार हात वर. त्याच बैठकीत आईनं दुसरा ठराव मांडला: पुढच्या शनिवारी चादरी घ्यायला पानिपतला जायचं, आणि जीप रस्त्यात बंद पडली, तर विकायची. बाबांनीसुद्धा हात वर केला. टाकीवर त्यांचा एवढा विश्वास होता.

सोनीपतच्या पुढे जीप खोकली, दोन गचके दिले आणि कडेला जाऊन उभी राहिली.

“पानिपत अजून पुढे आहे,” आई म्हणाली. “तुम्ही इथेच उरकलंत.”

बाबांनी बॉनेट उघडलं, मिटलं. भाऊ खाली वाकला आणि म्हणाला, “टाकी बघा.” तिचे गाल आत गेले होते, कवळी काढलेल्या म्हाताऱ्यासारखे. झाकण फिरवलं, तशी तिनं सूं करून हवा ओढली. किल्ली मारताच जीप चालू. पेट्रोल बाहेर जात होतं आणि त्याच्या जागी हवा आत यायची वाट आम्ही एकमतानं बंद केली होती. निसर्गाला आमच्या सभेत मत नव्हतं, पण नकाराधिकार होता.

बाबांनी बूच उपटून खिशात घातलं. “ठराव म्हणजे ठराव,” ते म्हणाले. “विकू.”

ते फडक्यानं हात पुसत राहिले, स्वच्छ झाल्यावरही.

“अहो, मी मांडला होता, मी मागे घेते,” आई म्हणाली.

“पास झालेला मागे घेता येत नाही. दुरुस्ती मांडता येते.”

“मग मांडते. भोक पाडायचं, नळी वरून बाहेर काढायची. हे होईपर्यंत विक्री स्थगित. झालं तर विक्री रद्द.”

“चलो, हात वर करा,” भाऊ म्हणाला. “ट्रकवाले बघतायत.”

आमचे तीन हात वर गेले. बहुमत झालं होतं, पण आई बाबांकडे बघत थांबली. ते जीपच्या मागच्या पत्र्याकडे बघत होते. मग त्यांचाही हात वर गेला, खांद्यापर्यंतच.

पानिपतपर्यंत आई नाकाला पदर लावून, खिडकीबाहेर डोकं काढून बसली. घरी परत आल्यावर बाबांनी स्वतः ड्रिल धरलं. भोकाच्या कडेला गंजरोधक रंग दिला, रबर बसवलं, नळी उंच नेऊन बाहेर वळवली. जीप आमच्याकडेच आहे, आणि बाबा तिच्याविषयी अजून नको इतकं बोलतात.

तेव्हा विनंती आहे. तुमच्या गाडीला बाजारातली प्लॅस्टिकची टाकी बसवली असेल, तर आजच वाकून तिची हवेची नळी शोधा. बुजली असेल तर मोकळी करून घ्या, वास येत असेल तर लांबवून घ्या. आणि तिचं तोंड कुणाच्याही सीटखाली सोडू नका.