वाळलेला पापुद्रा

ताईचं सगळं आयुष्य अंडी उबवण्यात गेलं. तिला फटकळ म्हणा, खडूस म्हणा, पण तिच्या कामाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. तिचा नियम एकच. अंड्याला चीर पडली की उबवणीच्या मशीनचं दार उघडायचं नाही. आतली दमट हवा निसटली, की कवचाच्या आतला पातळ पापुद्रा सुकतो आणि पिल्लाला आवळून धरतो. बिचाऱ्याला मानही वळवता येत नाही. हे तिने धाकट्या बहिणीला हजारदा बजावलं होतं. धाकटी म्हणायची, "अगं हो गं बाई, पाठ झालंय!"

यंदा मशीनमध्ये ठिपकीची अंडी होती. ठिपकी म्हणजे ताईची लाडकी कोंबडी. आईच्या वेळेपासून घरात चालत आलेल्या वाणाची ती शेवटची, आणि अंडी घालून तीही आजारपणात गेली. आता काय ते त्या अंड्यांतच उरलं होतं. नेमकं तेव्हाच ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मशीन धाकटीवर सोपवून ती निर्धास्त दवाखान्यात गेली. सख्ख्या बहिणीवर नाही, तर कुणावर विश्वास टाकायचा?

परतली तेव्हा मशीनमध्ये चिडीचूप. अंड्यांना चोचीने पाडलेली भोकं, कडेला कागदासारखा वाळलेला पापुद्रा, आणि पिल्लं आतल्या आत गेलेली.

"लाईट गेली होती गं," धाकटी म्हणाली. "मी तरी काय करणार?"

ताईच्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसरा काही फुटला नव्हता. लाईट गेली तर अंडी गार पडतात, पापुद्रा असा वाळत नाही. दार उघडलं होतं, तेही परत परत. शिवाय कोपऱ्यात दोन रिकामी कवचं पडली होती.

"ही पिल्लं कुठायत?"

धाकटीने मान खाली घातली. "माझ्या घरी नेली. मला माझं स्वतःचं काम सुरू करायचंय. किती दिवस तुझ्या हाताखाली राबू?"

"मेले, मागितली असतीस तर सगळी तुझ्या पदरात टाकली असती!" ताई कडाडली. "आणि ही बाकीची धडपडत होती, तेव्हा काय करत होतीस?"

"आणखी निघतायत का, बघत होते."

ताईने एकेक अंडं उचलून कानाशी धरलं. एकातही हालचाल नव्हती. तिला रडू फुटलं, आणि आपण धाकटीसमोर रडतोय याचाच तिला जास्त संताप आला.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "त्या दोघांतलं एक तुला आणून देऊ?"

ताईने तिच्याकडे बघितलंही नाही.

"जाताना दार लाव," ती म्हणाली. "आता तरी लाव."