बागायतदारांच्या मळ्यातली घोड्याची समाधी

आणि पैसे घेऊन वर आपल्यालाच गप्प बसवतात, ह्याचा मला लय राग आहे. बंगला बघायचं माणशी दोनशे रुपये तिकीट, जेवणाचे साडेतीनशे वेगळे, आणि तोंड उघडलं की "मावशी, प्रश्न शेवटी घेऊ." शेवटी चहा पाजून वाटेला लावलं. मी चौथीपर्यंतच शिकलेय, पण मला येडी समजायचं कारण नाही.

जायचं मीच ठरवलं. सांगलीकडचे हे तात्यासाहेब कुळकायद्याच्या आधीचे मोठे बागायतदार. नजर जाईल तिथवर त्यांचा ऊस. त्यांचा बंगला घरच्यांनी आता पर्यटकांना खुला केलाय. माझ्या आईची आत्या, भागू, तरुणपणी तिथं कामाला होती. एका वर्षी ती घरी परतलीच नाही. बंगल्यावरून निरोप आला, पळून गेली. आमच्या माणसांनी मान खाली घातली आणि तिचं नाव टाकलं. मेली का जगली ठाऊक नाही, म्हणून पितरांच्या पंधरवड्यात तिचं पान कधी वाढलं नाही. आई आता अंथरुणावर आहे, तरी त्या दिवसांत विचारतेच, "भागूचं काय झालं गं?"

शनिवारी सकाळी मी आणि मालक साताऱ्याहून आमच्या गाडीनं निघालो. मालक फौजेतनं रिटायर. कराडपर्यंत रस्त्याची कामं चालू आहेत, जाणाऱ्यांनी लवकर निघावं.

"बगायला चाललोय, भांडायला न्हाई," मालक म्हणाले.

"मी कवा भांडते?"

त्यांनी गाडीतल्या गाण्यांचा आवाज वाढवला.

बंगला चकाचक ठेवलाय, खोटं कशाला बोलू. तात्यासाहेबांची नातसून, तिला सगळे वहिनीसाहेब म्हणतात, ती स्वतः दाखवत हिंडते. भिंतीवर तात्यासाहेब, दोन बायका, पाच मुलगे, झोपाळ्यावर सुना. धाकट्या मुलाला खोकला झाला तर मिरजेहून डॉक्टर घोडागाडीनं यायचा म्हणे.

"कामाच्या माणसांना ते घरच्यासारखं वागवायचे," ती म्हणाली.

"मग त्यांचे फोटो कुठं हायत?"

"मावशी, तेव्हा फोटो काढणं फार महाग होतं."

"घोड्याचा हाय की."

मालकांनी माझा पदर ओढला.

जेवण मात्र झकास. चुलीवरची भाकरी, भरलं वांगं, काकवी पाहिजे तेवढी. जेवून मळ्यात गेलो. उसाच्या कडेला चिंचेखाली दगडी चौथरा होता. तात्यासाहेबांच्या लाडक्या घोड्याची समाधी, असं वहिनीसाहेबांनी सांगितलं. लोक फोटो काढायला लागले. मी वाकून बघितलं. दगडावर कुंकू, फुटक्या हिरव्या बांगड्या, सुकलेला नारळ, पावसानं रंग गेलेला खण.

"घोड्याची ओटी कोण भरतं?"

लोक हसले. वहिनीसाहेब हसली नाही.

"मीच भरते. घरची रीत आहे. सासूबाई भरायच्या, आता त्यांना वरच्या खोलीतून उतरवत नाही."

"कुणाच्या नावानं?"

"नाव घ्यायचं नाही म्हणतात." मग तिचं तिलाच काहीतरी उमगलं असावं. "मावशी, चहा घ्या ना."

परतीच्या वाटेवर मालक म्हणाले, "जेवण झालं, ऊस बगितला. सोड आता."

"आवं, फौजेत तुमी घोड्याला बांगड्या भरल्या व्हय?"

"मी तोफखान्यात होतो," ते म्हणाले. आणि पुन्हा गाण्यांचा आवाज वाढवला.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "बांगड्या हिरव्याच होत्या?" आणि भिंतीकडं तोंड केलं. भागू लहानपणीच विधवा झालेली. तिला हिरव्या बांगड्या कोण भरेल? म्हणजे एकतर तिथं दुसरीच कुणी बाई आहे, नाहीतर त्या घरात भागूला कुणीतरी कुंकू लावलं होतं. मग भिंतीवर बायका दोनच का? आणि पळून गेली हा निरोप कुणी धाडला? ती आमचीच आहे असं मी छाती ठोकून सांगत नाही. पण तिथं घोडा नाही, एवढं मला कळतं.

तुम्ही जाणार असाल तर खुशाल जा, वांगं खा. मळ्यात गेलात तर चौथऱ्यावर पाय देऊ नका.

वहिनीसाहेब, हे मी तुमच्या फोनवरही धाडलंय. वरच्या खोलीत जा आणि सासूबाईंना विचारा, ती कोण आणि कशानं गेली. सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मला कळवा. सकाळी मला स्वयंपाकाला लागायचंय.