शेवट आधी वाचायचा नाही

ताईला मी माझी पुस्तकं वाचायला दिली आणि रागाच्या भरात परत काढून घेतली. गेलं वर्षभर मी स्वतःला याची नाना कारणं देत बसले आहे. सीझन होता, वेळ नव्हता, तिनंच खोटं सांगितलं. पुरे झालं आता.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. वीस-बावीस वर्षं झाली. दिवसभर बारीक कुंचल्याने देवाचे डोळे उघडायचे आणि संध्याकाळी आपले मिटायला आलेले, अशी गत. छापील अक्षर दिसेनासं झालं तेव्हा मुलाने ई-बुक रीडर आणून दिला. अक्षर हवं तेवढं मोठं करा! मी हरखलेच. पुढे त्याने नवा आणला आणि जुना रिकामा पडला. तो कुणाला द्यायचा याचा विचारही करावा लागला नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, रोह्याला दिलेली. भावोजी कंपनीत शिफ्टला. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झालं. दर खेपेला चार तास. डाव्या हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही. एका हाताने जाडजूड पुस्तक धरून त्याच हाताने पान उलटून बघा, मग कळेल. रीडर मात्र मांडीवर उशी घेऊन टेकवला की नुसत्या अंगठ्याने पान उलटतं. "चार तास कुठं जातात कळत नाय गो," ती म्हणायची, आणि मला आपण कोणी मोठे दाते असल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

दोन्ही रीडर माझ्याच खात्यावर होते. मी घेतलेलं पुस्तक तिलाही दिसायचं. त्यात एक भानगड होती. दोघी एकच पुस्तक वाचत असलो की जी पुढे गेली तिचं पान दुसरीच्या रीडरला कळतं, आणि तो विचारतो, सर्वांत पुढच्या पानावर जायचं का? सुरुवातीला गंमत वाटायची. ताई रोह्यात कुठवर पोचली ते मला पेणमध्ये बसून कळायचं. मी फोन करून चिडवायची, "काय गं, आज चाळीस पानं? भावोजींना जेवायला घातलंस की नाही?"

आम्ही लहानपणीही अशाच वाचायचो. माहेर पेणजवळच्या जित्याला. वाचनालयातून दोघींत मिळून एक पुस्तक यायचं. ताईचा नियम कडक: शेवट आधी वाचायचा नाही आणि विचारायचाही नाही. मी चोरून बघते हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती शेवटची पानं आपल्या केसांतला आकडा लावून बंद करून ठेवायची. एकदा मी तो आकडा काढला, तर पाठीत असा धपाटा बसला की दोन दिवस पाठ हुळहुळत होती. "एवढा दम निघत नाय तर वाचतेस कशाला?" ती ओरडली होती. पुढे मी कधी शेवट आधी बघितला नाही. आजही बघत नाही.

तर, गेल्या वर्षी आषाढात माझं पान उड्या मारायला लागलं. कालचं पुस्तक उघडावं, सवयीने "हो" दाबावं, आणि बघते तर थेट शेवटचं प्रकरण. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या पुस्तकात कोण मेलं ते माझ्या डोळ्यांसमोर धाडकन आलं, निम्मं पुस्तक वाचायचं बाकी असताना. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

फोन लावला. "ताई, रीडर कुणाला देतेस तू?"

"कुणाला नाय गो."

"मग शेवटच्या पानावर कोण जातं?"

"माझाच अंगठा लागला असंल."

"दर पुस्तकात?"

ताई स्वतः शेवट आधी बघेल हे माझ्या डोक्यातच येईना. पूर्वेचा सूर्य पश्चिमेला उगवेल, पण ताई नाही! म्हणजे दुसरंच कोणी. आणि तिचा स्वभाव तर जगजाहीर. कुकर मागितला, दिला. छत्री मागितली, दिली. दवाखान्यात शेजारच्या बाईने हात पुढे केला असणार आणि हिने माझी पुस्तकं तिच्या हातात ठेवली असणार.

"उसनं घेतलेलं पुढे उसनं देतेस, लाज नाही वाटत?" मी म्हणाले. आजारी माणसाला म्हणाले. ती म्हणाली, "बरं."

त्या "बरं"ने मी आणखीच पेटले. मोबाइलवर खातं उघडलं आणि तिचा रीडर काढून टाकला. दोन ठिकाणी बोट लावायचं, बस. तिच्याकडची सगळी पुस्तकं गेली. मनात म्हटलं, राहू दे पंधरा दिवस कोरी, मग कळेल.

ती स्वतःहून परत जोड म्हणाली नाही. मानी होती, माझ्यासारखीच. आठवड्याने दुपारी फोन आला. मी कारखान्यात, कुंचला ओठांत धरलेला, पुढ्यात दीडशे मूर्ती बिनडोळ्यांच्या. मागे तिच्या मशीनची पीक-पीक ऐकू येत होती.

"ते आपलं नवं राहून गेलंय ना," ती म्हणाली, "बापाशी भांडून मुलगी निघून जाते ते. ती परत येते काय गो घरी?"

मी ते कालच संपवलं होतं. आणि मला काय मजा वाटली बघा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी सापडली होती ताई! "अगं बाई," मी म्हणाले, "शेवट विचारायचा नाही. कुणी शिकवलं? एवढा दम निघत नाही?"

ती हसली. मला ती हसल्यासारखीच वाटली. "सांग ना गो," म्हणाली.

"गणपती होऊ देत. परत जोडून देते, मग वाच तुझी तू."

"बरं," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी पहाटे ताई गेली. डायलिसिसला निघायची तयारी करत होती, उंबऱ्यातच बसली ती बसलीच.

कारखान्याच्या मालकांनी निरोप पाठवला, सुतकात मूर्तीला हात लावू नका, तीन दिवस येऊ नका. ऐन हंगामात तीन दिवस! जिचा रीडर परत जोडायला मला दोन मिनिटं नव्हती, तिच्यापायी तीन दिवस रिकामे मिळाले. मी ते भिंतीकडे बघत घालवले.

तेराव्याला रोह्याला गेले. ताईची चादर आणि उशी दवाखान्यात राहिली होती. ती आणायला भावोजींचा पाय उचलेना, म्हणून मी गेले. शेजारच्या खाटेवर नागोठण्याकडची एक शेतकरीण होती, हाताला सुया लावलेल्या. चेहऱ्यावरूनच तिने ओळखलं. "तुम्ही पेणच्या ना? पुस्तकंवाल्या?"

मला वाटलं, हीच ती. तेवढ्यातही माझ्या मनात ते आलं, काय सांगू! मी विचारलं, "काकी, तुम्ही वाचायचात का ताईचा रीडर?"

"मला कुठं वाचता येतंय? ती सांगायची, मी ऐकायची." मग म्हणाली, "पण तिचं एक उलटंच होतं. आधी शेवट वाचून घ्यायची, मग पहिल्यापासून धरायची. मी म्हटलं, अशी काय गो तू? तर म्हणाली, पुढल्या खेपेला मी येईन का नाय कोणाला ठाऊक, अर्धवट ठेवून जायला नको."

मी खाटेच्या कडेवर बसले. तो धपाटा घालणारी ताई मला हे कोणत्या तोंडाने सांगणार होती? सांगायचं म्हणजे मी मरणार हे सांगायचं. त्यापेक्षा तिने माझा आळ अंगावर घेतला.

"ह्या शेवटल्या पुस्तकाचा तेवढा राहिला," काकी म्हणाली. "त्याचा शेवट बघायच्या आतच ते बंद पडलं. माझी बहीण सांगणार हाय, म्हणायची. ती पोर परत येते काय ओ घरी?"

"येते," मी म्हणाले. "कुणी तिला काही विचारत नाही. ताट वाढून देतात."

"एवढंच?"

"एवढंच."

काकीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तिला खरंच कळत नव्हतं. "मग त्या दिवशी फोनवर सांगायचंत ना ओ," ती म्हणाली. "फोन ठेवल्यावर मशीन बंद होईपर्यंत तो कोरा डबा मांडीवर धरून होती ती."

मी चादरीची घडी घातली, उशी काखेत घेतली आणि बाहेर आले.