हौसाबाईंचं पगारी रडणं

शेलार गावच्या हौसाबाई साठीत नोकरीला लागल्या, तीही आजारी पडण्याच्या. भिवंडीत समुपदेशक तयार करणारी एक संस्था आहे. शिकवलेलं अंगात मुरलं की नाही हे तपासायला खरा रुग्ण कोण देणार? म्हणून हौसाबाई. गावच्या नाटकांत त्यांनी राण्या गाजवल्या होत्या. इथे एकच भूमिका, सून जेवायला घालत नाही म्हणून खचलेली म्हातारी. समोर परीक्षा देणारा, कोपऱ्यात गुण देणाऱ्या मृणालीताई. घंटी वाजेपर्यंत सोंग सोडायचं नाही. सोडलं की काम गेलं.

हौसाबाई रडत मात्र शेजारच्या कारखान्यातल्या यंत्रमागांच्या खडखडाटावर मात करणाऱ्या आवाजात. बाहेरच्या बाकावर गावातल्या दोन बायका बसलेल्या. झालं! संध्याकाळी शेजारणी कालवणाची भांडी घेऊन दारात हजर. "खा गो बाय, लाजू नको."

घरच्या सुनेला, वैशालीला, आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने कपड्यांची पिशवी भरली आणि पडघ्याला माहेरी निघाली. वाटेत मात्र तडक संस्थेत शिरली. आत कुणाल नावाच्या पोराची परीक्षा चालली होती.

"आई, तुमाला जेवान कोन देत न्हाय?" वैशालीने दारातूनच विचारलं.

हौसाबाईंनी कोपऱ्यात पाहिलं. घंटी गप्प. "सून देत न्हाय," त्या सोंगातच म्हणाल्या.

"मग परवाचं टोपभर मटन काय मांजरानं खाल्लं?"

कुणालला पाठ केलेलं एकच वाक्य आठवलं. "तुम्हाला राग आलाय, असं मला जाणवतंय."

"तू गप बस रे."

तो गप्प बसला. मृणालीताईंनी मान वर न करता 'शांतपणे ऐकून घेतो' या मुद्द्याला पूर्ण गुण दिले.

वैशालीने पिशवी खांद्याला लावली. "चालले मी. दुसरी सून बघा, उपाशी ठेवनारी."

हौसाबाई खुर्चीतून उठल्या. खिडकीतून बाहेरच्या बाकालाही ऐकू जावं अशा बेताने म्हणाल्या, "माझी सून पयली भाकर माझ्या ताटात घालते. मी पगारासाठी रडत व्हते."

मग घंटी वाजली. मृणालीताई खूश होत्या. "कुटुंबाला सहभागी करून घेतलंत, कुणाल. रुग्णाचा दृष्टिकोनच बदलला. उत्तम गुण." मग हौसाबाईंकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही मात्र घंटीआधीच बऱ्या झालात. नियम म्हणजे नियम, उद्यापासून येऊ नका."

हौसाबाईंनी पदर खोचला. मृणालीताई वैशालीला निरखत होत्या. "जागा रिकामी झालीच आहे. तुम्ही कराल? सासूने छळलेल्या सुनेचं काम आहे."

वैशालीने पिशवी खाली ठेवली. "करते की. मना पाठ पन करायला लागनार न्हाय."